पिल्लांची बोटं वळली तेव्हा प्रिमिक्स काय असतं ते कळलं

परवा कुडाळच्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. तिने नवीन शेड घातलीय, कोंबडीच्या पाचशे पिल्लांची, आणि पहिलाच प्रश्न, तू टॉनिक कुठलं देतेस गं? मी म्हटलं टॉनिक राहू दे, आधी सांग तुझ्या खाद्याची पिशवी ठेवतेस कुठे. तिला वाटलं मी विषय टाळतेय. पण खरंच मला एवढंच विचारायचं होतं, आणि ते का ते फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आमची शेड आचऱ्याच्या अलीकडे, समुद्र जवळच. सहाशे ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या, बसतात. सुरुवातीच्या दोन बॅच कंपनीच्या करारावर केल्या, म्हणजे पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं, आपली जागा आणि आपली मेहनत, शेवटी किलोमागे जे ठरलंय ते. नंतर स्वतःची बॅच घ्यायला लागले कारण मालवणातल्या दोन-तीन खानावळी थेट माल घ्यायला तयार झाल्या. स्वतःची बॅच म्हटलं की खाद्याचा खर्च आपल्या अंगावर, आणि ब्रॉयलरच्या एकूण खर्चात शंभरातले साठ-सत्तर रुपये नुसत्या खाद्याचे असतात. त्यामुळे डोक्यात पहिला विचार हाच आला की तयार खाद्य कशाला, आपणच मका आणि सोया डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयाबीनची पेंड, आणू, दळू, त्यात प्रिमिक्स, म्हणजे जीवनसत्त्वं आणि खनिजांची तयार पूड, घालू आणि मिसळू.

ती बॅच मी मृगात बसवली, गटारीला माल तयार व्हावा असा हिशोब होता. आमच्याकडे गटारीला मागणी जोरात असते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की विक्री एकदम बसते, त्यामुळे चाळीस दिवसांचं गणित इकडचं तिकडे होऊन चालत नाही.

पहिले दहा दिवस छान गेले. लाईट जायची तशी जात होती पण पिल्लांना ऊब देणारा गॅस ब्रूडर होता, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ डिग्री सांभाळली, नंतर हळूहळू खाली आणली. मानमोडीची लासोटा लस झाली. बाराव्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्याआधी शेडमध्ये गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगो, ही पिलां अशी बसलीहत कशाक?"

जाऊन बघते तर आठ-दहा पिल्लं पावलावर उभीच नव्हती, मागच्या सांध्यावर टेकून बसलेली. मी एक उचललं. डोळे एकदम स्वच्छ, तरतरीत, खायला द्या म्हणून चोच मारत होतं हाताला. पण दोन्ही पायांची बोटं आतल्या बाजूला वळलेली, तान्ह्या बाळाची मूठ असते ना तशी. मी बोटाने ती उघडली, सोडली की परत वळत होती. खाली ठेवलं तर दोन्ही पंख जमिनीला टेकवून तोल सांभाळत सांध्यांवर सरकत फिडरपर्यंत गेलं. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही, भूक आहे, जीव आहे आणि पाय नाहीत.

संध्याकाळपर्यंत तीस झाली.

मी आधी काय केलं ते पण सांगते कारण बरेच जण हेच करतात. कपाटातून हर्बल टॉनिकची बाटली काढली, एरवी दिवसातून एकदा देत होते ते दोनदा केलं. बाटलीवर वाढीसाठी, पचनासाठी, यकृतासाठी, प्रतिकारशक्तीसाठी असं सगळंच लिहिलेलं होतं, मग पायासाठी पण चालेल असं वाटलं. शेजारच्या काकांनी सांगितलं कॅल्शियम कमी पडलं असणार, तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घाल. आमच्याकडे शिंपल्यांना काय तोटा. घालणार होते, बरं झालं घातल्या नाहीत. ब्रॉयलरला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण दोनास एक अशा बेतात लागतं, एकट्या कॅल्शियमचा मारा केला की उलट फॉस्फरस आणि जस्त पोटात नीट लागत नाही. शिंपल्याचं शेलग्रीट हे अंड्याच्या कोंबडीचं खाणं आहे, तिला कवच बनवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं खोक्यात घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पिल्लू उलटं धरलं, आधी सांध्यावर अंगठा फिरवला. म्हणाले सूज नाही, शीर जागेवरून घसरलेली नाही, म्हणजे मँगनीजच्या कमतरतेने होतं ते दुखणं नाही. मॅरेक्स, म्हणजे पाय लुळे पाडणारा विषाणूचा आजार, इतक्या लहान वयात दिसत नाही. मग बोटं उघडून सोडली, परत वळली. "ताई, खाद्य कुठलं घालता?" मी सांगितलं घरीच मिसळते. "प्रिमिक्स?" म्हटलं घालते ना, मोजून घालते. "कधीचं आहे?"

शिमग्याचं होतं.

म्हणजे मार्चमध्ये आणलेलं, अर्धं वापरलेलं, पिशवीच्या तोंडाला रबर लावून डब्यात घालून माळ्यावर ठेवलेलं. आणि त्याच डब्यात कोलीन क्लोराईडची पावडर, खाद्यात घालायचं तेही एक पोषकच, कारण दोन्ही थोडं थोडंच लागतं तर एका जागी राहील म्हणून मीच ठेवलेली. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला नाही की रागावले पण नाहीत, कागद घेतला आणि मला समजावून सांगितलं, त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तर हे बी-२, म्हणजे रायबोफ्लेविनच्या कमतरतेचं दुखणं. पायाला जाणारी मोठी नस सुजते आणि बोटं वळतात. पिल्लाला ते किती लागतं माहितीय? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलचा १९९४ चा तक्ता आहे, त्यात एक किलो खाद्याला ३.६ मिलिग्रॅम. एक टन खाद्याचा हिशोब केला तर ३.६ ग्रॅम. चहाचा चमचासुद्धा भरत नाही! त्याच तक्त्यात मँगनीज किलोला ६० मिलिग्रॅम, जस्त ४०, आणि सेलेनियम तर फक्त ०.१५ मिलिग्रॅम. आजकालच्या झपाट्याने वाढणाऱ्या जातींना खाद्य कंपन्या यापेक्षा जास्तच घालतात, तो आकडा कमीत कमी धरायचा. पण कमीत कमी जरी म्हटलं तरी एवढ्याशा चिमटीवर हजार किलो खाद्य उभं असतं, आणि ती चिमूट एकतर पिशवीतच मेलेली किंवा ढिगाच्या एकाच कोपऱ्यात पडलेली, असं माझं झालं होतं. डॉक्टर म्हणाले दोन्ही झालं असेल.

पिशवीतच मेलेली म्हणजे काय, तर कोलीन क्लोराईड हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या कोकणात जून लागला की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, माळ्यावरच्या कपड्यांना बुरशी येते, त्या हवेत ती पावडर काय कोरडी राहणार? ती ओली झाली, शेजारच्या प्रिमिक्समध्ये तांबं, लोखंड, जस्ताचे क्षार होतेच, ओलावा मिळाला की हे क्षार जीवनसत्त्वं खाऊन टाकतात. घरी येऊन डबा उघडला तर खडीसाखरेसारखे खडे झालेले. ते खडे मी फोडून फोडून घातले होते! आणि मिसळायची पद्धत काय तर शेडच्या ओट्यावर मका-सोया पसरायचा, वरून प्रिमिक्स शिंपडायचं, फावड्याने चार वेळा उलटसुलट.

मग बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून सुरू केलं, जी जास्तच बसलेली होती त्यांना चोच उघडून थेंब थेंब दिलं, मी आणि नवरा रात्री अकरापर्यंत एकेक पिल्लू हातात घेऊन बसायचो. एकूण बहात्तर पिल्लांना त्रास झाला होता. ज्यांची बोटं नुकती वळायला लागली होती ती तिसऱ्या दिवशी पावलावर उभी राहिली, बघून डोळ्यांत पाणी आलं. पण एकोणीस पिल्लं उठलीच नाहीत. नस एकदा कायमची खराब झाली की वरून कितीही घाला, ती परत येत नाही. पहिल्या दिवसाचा उशीर मी टॉनिकची बाटली हातात धरून केला होता.

म्हणून मैत्रिणीला पिशवीचं विचारलं.

आता कुणी म्हणेल म्हणजे हर्बल सगळं खोटं का. नाही, अजिबात नाही, मी आजही देते आणि मनापासून देते. फक्त वनस्पतीचं काम वेगळं आणि जीवनसत्त्व-खनिजाचं काम वेगळं, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. मीठ कमी पडलं म्हणून आमटीत कोकम वाढवून चालतं का, तसं आहे हे.

हर्बलकडे लोक वळले त्यामागे कारण पण खरं आहे. पूर्वी वाढीसाठी म्हणून खाद्यातच अँटिबायोटिक घालायचे, आजार असो नसो. युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून ते बंद केलं. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली, अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत ते वापरायचं नाही, कारण माणसाला दुसरं कुठलंच औषध लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर जे शेवटचं काढतात त्यातलं ते एक आहे. आणि ते आपण कोंबडीला वजन यावं म्हणून पाजत होतो. माझी दोन लहान मुलं हीच कोंबडी खातात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक हा प्रकार माझ्या शेडमध्ये नाही, आजार झाला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, आणि मग विक्रीआधी सांगितलेले दिवस थांबायचं म्हणजे थांबायचं, खानावळवाला कितीही घाई करू दे.

ओवा आणि लसूण ह्या दोन गोष्टींवर माझा विश्वास बसलाय. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, त्याचा जंतूंवर मारा होतो, पचनाला पण बरं. लसणाचं मात्र एक आहे, अख्ख्या पाकळीत ते ॲलिसिन तयार नसतं, ठेचल्यावर तयार होतं आणि फार वेळ टिकत पण नाही. त्यामुळे आदल्या रात्री ठेचून ठेवला, सकाळी पाण्यात टाकला याला अर्थ नाही. सकाळी ठेचायचा, थोडा वेळ ठेवायचा, गाळून पहिल्या पाण्यात द्यायचा, आणि गाळायचाच, नाहीतर पाण्याच्या नळीचे निपल चोंदतात आणि मग दुपारभर पाण्याविना पक्षी.

हळद मी किलोला पाच ग्रॅमच्या हिशोबाने खाद्यात घालते, पण घरची. बाजारची पिवळीधमक पूड घालायची भीती वाटते, रंगासाठी त्यात काय काय घालतात. किराईत, गुळवेल, तुळस ही सासूबाईंची खाती. किराईत तर आमच्या घरात माणसांना पण तापाला देतात. सासूबाई हे सगळं मार्च-एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळवतात, हातात चुरगळलं की आवाज आला पाहिजे म्हणतात, मग कुटून काचेच्या बरणीत. पावसात वाळवलेला पाला त्या शेडमध्ये आणूच देत नाहीत आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे, कारण अर्धवट वाळलेल्या पाल्याला बुरशी येते आणि औषध म्हणून आपण विषच घालतो.

बुरशीवरून आठवलं, यकृताचं. लिव्हर टॉनिक सगळ्यांत जास्त खपतं आमच्या भागात आणि त्याचं कारण पण हवाच. मका घाटावरून येतो, इथे येऊन महिनाभर पडतो, ओलावा धरतो आणि त्याच्यावर ती हिरवट-पिवळी बुरशी येते, तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी मेले होते आणि कुणाला कारणच कळेना, शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतलं हे विष निघालं. ते भाजून उकळून जात नाही. आमच्या शेडमध्ये एखादा पक्षी मेला की मी हातमोजे घालून तो उघडून बघते, आधी भीती वाटायची, आता सवय झाली. चांगलं यकृत गडद तांबूस आणि कडा धारदार असतात. एका बॅचला मी बघितलं ते फिकट पिवळं, फुगलेलं, बोटाने दाबलं तर खोबऱ्याच्या वडीसारखं फुटलं. मका हुंगला तर कुबट वास. तेव्हा भुईआवळीचा काढा दिला, पावसात आमच्या अंगणात ती मुबलक उगवते, त्याने थोडा आधार मिळतो असा माझा अनुभव आहे. पण खरा उपाय म्हणजे तो मका बाहेर काढून फेकला आणि नव्या मक्यात टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवणारी पावडर, घातला. तोच मका चालू ठेवून वरून काढे पाजले असते तर काही उपयोग नव्हता. फेकताना जीव तुटला, चार पोती होती.

पाण्याचं तर कुणी बोलतच नाही! आमच्या बोअरच्या पाण्याला लोखंड आहे, ड्रिंकरला तांबडा थर बसतो, जांभा दगडाची जमीन आमची. लोखंडवाल्या पाण्यात किंवा क्लोरीन टाकलेल्या पाण्यात महागडं जीवनसत्त्व टाकलं की ते पक्ष्याच्या चोचीपर्यंत पोचायच्या आत निम्मं खलास. मी आता टॉनिकच्या आणि लसीच्या दिवशी विहिरीचं पाणी वापरते, क्लोरीन आदल्या दिवसापासून बंद. आणि दोन-तीन तासांत पितील एवढ्याच पाण्यात घालते, दिवसभराच्या टाकीत नाही.

मे महिन्यातलं व्हिटॅमिन सी पण तसंच. कोंबडी ते स्वतःच्या शरीरात तयार करते, एरवी वरून द्यायची गरजच नाही, पण उकाड्यात ते पुरत नाही. तिला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत धापांचा पण तेवढा उपयोग होत नाही. धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साईड जातो आणि सगळं क्षारांचं गणित बिघडतं. म्हणून सी आणि इलेक्ट्रोलाइट ऊन चढायच्या आधी, सकाळच्या गार पाण्यात. दुपारी एक वाजता पक्षी आडवे पडल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही.

अजून एक चूक सांगते, ही पण बरेच जण करतात. रक्ती हगवण लागली, म्हणजे आतड्यात परजीवी झाले, की अँप्रोलियम हे औषध देतात आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून जोडीला बी-कॉम्प्लेक्स. अँप्रोलियम कामच असं करतं की ते बी-१ सारखं दिसतं आणि त्या परजीवीला खरं बी-१ मिळू देत नाही. आपणच वरून बी-१ ओतलं तर औषध लागू कसं पडणार? जीवनसत्त्व द्यायचं ते औषधाचा कोर्स संपल्यावर. आणि हगवण मुळात लागते शेडमध्ये खाली अंथरलेल्या ओल्या तुसातून, त्या परजीवीच्या अंड्यांना ओलावा आणि ऊब मिळाली की ती पिकतात. पावसाळ्यात रोज सकाळी तूस खालीवर करणं, ओलं झालेलं उचलून फेकणं, थोडा चुना टाकणं हे माझं सगळ्यांत कंटाळवाणं काम आहे आणि एकही दिवस चुकवत नाही. नाकात अमोनियाचा वास गेला तर समजायचं आज उशीर झाला. आणि मानमोडी, गंबोरो यांना तर लसच, तिथे किराईत आणि गुळवेल काही करू शकत नाहीत, सासूबाईंना हे पटायला वेळ लागला पण आता त्याच लसीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

कुटा मासळी स्वस्त मिळते म्हणून खाद्यात घालणारे पण आहेत आमच्याकडे. मासळी चांगलीच, प्रथिनं असतात, सेलेनियम असतं, पण खारवलेली असेल तर मीठ किती जातंय ते मोजत नाही कुणी, मग पक्षी पाणी पीत सुटतात आणि तूस चिखल होतं. मी घालत नाही.

मैत्रिणीने विचारलं मग तयार कंपनीचं खाद्य असेल तर वरून काय देऊ. त्यात प्रिमिक्स असतंच गं, पिशवीवरची तारीख बघ आणि पावसात महिनाभराच्या वर साठवू नकोस, वरून आणखी मिनरलची पाकिटं ओतू नकोस. सेलेनियमसारखी गोष्ट लागते त्याच्या कितीतरी पट झाली की विषच होते. लस टोचली, पिल्लं गाडीतून आली, खूप ऊन झालं, असा ताण आला तर दोन-तीन दिवस जीवनसत्त्व दे, बाकी रोज नको.

मी अजून खाद्य घरीच मिसळते, सोडलं नाही. फक्त प्रिमिक्स आता एका बॅचपुरतं छोटं पाकीट आणते, त्याच्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहिते, घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, कारण बी-२ ला उजेड पण सोसत नाही. कोलीन वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोलीत. आणि मिसळताना आधी एक किलो मक्याच्या भरड्यात, मग ते दहा किलोत, मग पन्नासात, मग सगळ्यात. वेळ जातो, पाठ दुखते, नवरा म्हणतो मिक्सर घेऊ, बघू दिवाळीनंतर.

यंदाची बॅच पण मृगातच बसवलीय. आज बारावा दिवस. पहाटे पाऊस धो धो होता, बॅटरी घेऊन शेडमध्ये गेले आणि चार कोपऱ्यांतली चार आणि मधलं एक अशी पाच पिल्लं उचलून तळहातावर उभी केली. पाचांचीही बोटं सरळ, तळहातावर नखं टोचत होती. सासूबाई दारात छत्री घेऊन उभ्या होत्या, विचारलं काही नाही, मी मान हलवली तशा घरात चहा ठेवायला गेल्या.